भाड्याचं बदक

गेली दोन वर्षं आईचा वाढदिवस आमच्याकडे दोन हप्त्यांत होतो. दुपारचा हप्ता माझ्या घरी, संध्याकाळचा दादाच्या. कारण दादा मांसाहारी आहे आणि मी, नम्रपणे सांगायचं तर, नाही. ज्या टेबलावर कोणाचा तरी जीव शिजवून ठेवलाय त्या टेबलाला मी बसत नाही, असं मी एकदा दादाच्याच टेबलावर, त्याच्या साहेबांसमोर, जरा मोठ्याने जाहीर केलं होतं. एक किलो मांसामागे किती पाणी जातं, किती जमीन जाते, तेही सांगितलं होतं. साहेबांनी हातातला काटा खाली ठेवला. दादाने मला दार दाखवलं नाही, पण माझ्या चपला कुठे आहेत ते सांगितलं. तेव्हापासून आम्ही भाऊ एका टेबलावर जेवलेलो नाही.

आई राहते माझ्याकडे, पण ती कोणत्याच पक्षात नाही. माझ्या घरी माझी भाजी खाते, दादाकडे गेली की त्याचं मटण. हे कसं काय चालतं, असा तात्त्विक प्रश्न मी तिला विचारून पाहिला होता. "तुझी भाजी आज खारट झालीय," एवढंच उत्तर मिळालं.

या वर्षी तिची पंचाहत्तरी. महिनाभर... छे, चांगले तीन-चार महिने आधीच तिने फर्मान काढलं. "एकच जेवण होईल. एका टेबलावर, तुम्ही दोघं समोरासमोर. नाही जमलं तर मी मावशीकडे जाईन. तिथे करमलं तर तिथेच राहीन."

बायको म्हणाली, "त्या जातील हं." मलाही ते ठाऊक होतं. आई पोकळ धमकी देत नाही. बाबांना ती एकदा म्हणाली होती, मिशी काढा, नाहीतर मी बोलणार नाही. बाबांना वाटलं, थट्टा आहे. पुढे कित्येक दिवस त्या दोघांमधली निरोपांची ने-आण मी करत होतो, आणि शेवटी मिशी गेली.

मी दादाला फोन केला. तोही आईसाठीच चिंतेत होता, पण ते कबूल करायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं.

"तुझ्या ताटासाठी कोणी मरत नाही ना?" तो म्हणाला. "मग तसं जेवण करून आण. पीठ, मीठ, तेल दुकानातलं चालेल. भाजी तू स्वतः पिकवलेली हवी. यात एकही जीव गेला नाही, असं आईसमोर सांगायचं. मग मी मुकाट्याने जेवेन आणि त्यानंतर आईच्या वाढदिवसाला माझ्या घरात मांस शिजणार नाही. सांगता नाही आलं, तर मी जे शिजवेन ते टेबलावर असेल आणि तू बसायचंस. भाषण न करता."

'भाषण न करता' हे मला झोंबलं. मी ताबडतोब हो म्हणालो. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. सबंध दिवस दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जात असल्यामुळे माझा स्वतःवर फार विश्वास आहे.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुंड्या ठेवायला सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहतात आणि छताला ओल आली की आधी त्यांच्या डोक्यावर ठिबकतं, म्हणून ते गच्चीकडे स्वतःच्या डोक्यासारखंच बघतात. बऱ्याच विनवण्यांनंतर परवानगी मिळाली. मी रोपवाटिकेतून मातीची पोती आणली, स्वतः पाठीवरून पाच मजले चढवली, पालक, घेवडा, टोमॅटो लावले. पालक असा तरारून आला की मी ऑफिसात मोबाइलवर फोटो दाखवत सुटलो. मग रोपवाटिकावाल्याला सांगायला गेलो की बाबा, तुझी माती उत्तम.

"येणारच की साहेब," तो म्हणाला. "हाडांचा चुरा घातलाय भरपूर."

मी तिथल्या उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसलो. हाडं कोणाची, असं विचारलं. त्याने ज्या अर्थी खांदे उडवले, त्या अर्थी पुष्कळांची असावीत.

सगळी माती पाच मजले खाली गेली. नवी माती पाच मजले वर आली. खत घरीच करायचं ठरलं आणि भाज्यांच्या सालींचा डबा गच्चीच्या कोपऱ्यात कुजू लागला. त्याचा वास प्रथम सेक्रेटरींना आला. ते वर आले, डब्यात डोकावले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तुमची अहिंसा जरा झाकून ठेवा." मी झाकण लावलं. वेळ थोडा उरला होता आणि माणसाने अपमान गिळायला शिकावं, असं मी आईच्या त्या महिन्यातल्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं होतं. तिने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली होती.

दुसरा पालक उगवला आणि गोगलगायी आल्या. पाच मजले चढून त्या कशा आल्या हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा मातीतून, म्हणजे माझ्याच पाठीवरून. संध्याकाळी पान अख्खं असायचं, सकाळी त्याची जाळी झालेली असायची.

शेजारच्या काकूंना बागेतलं सगळं कळतं. त्या म्हणाल्या, "मीठ टाका की चिमूटभर. विरघळतात."

"काकू, त्यांना यातना होतात."

"मग पालकाला होत नाहीत वाटतं?"

या प्रश्नावर माझ्याकडे चांगलं उत्तर आहे, पण ते लांब आहे आणि काकूंच्या गॅसवर दूध होतं. सेक्रेटरींनी बिअरची बशी सुचवली. गोगलगायी पितात आणि बुडतात, मरताना खूश असतात, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही सल्ले फेटाळले. रोज पहाटे उठून मी एकेक गोगलगाय बोटांनी उचलायचो, बादलीत ठेवायचो आणि समोरच्या सार्वजनिक बागेत सोडून यायचो. अशा वेळी माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं ते मला वाटत होतं. बागेत झेंडूचे नवे वाफे होते. गोगलगायींना मोकळी हवा मिळावी म्हणून मी त्यांना नेमकं तिथेच सोडत होतो.

एका पहाटे माझ्या बादलीवर बॅटरीचा झोत पडला. पहारेकऱ्याने मला उद्यान अधीक्षकांपुढे उभं केलं. अधीक्षकांच्या टेबलावर पुरावा म्हणून झेंडूचं एक रोप होतं. रोप म्हणजे काडी.

"हे तुम्ही केलंत," ते म्हणाले.

"मी नाही, गोगलगायींनी केलं."

"त्या तुमच्या आहेत."

"माझ्या नाहीत. माझ्याकडे आल्या होत्या." दावे तपासताना मी याहून बरे खुलासे नामंजूर केलेले आहेत, हे बोलतानाच माझ्या लक्षात आलं.

"सार्वजनिक जागेत प्राणी सोडायला लेखी परवानगी लागते."

"आणि मारायला?"

त्यांनी जरा विचार केला. "मारायला नाही लागत. सोडायला लागते."

बादली जप्त झाली, आणि पुन्हा दिसलात तर दंड होईल, अशी समज मिळाली. घरी आलो तर उरलेल्या गोगलगायींनी टोमॅटोची कोवळी रोपं बुंध्यापासून संपवलेली. बायको गच्चीच्या दारात उभी होती. "दादांना फोन करून सांगून टाका," ती म्हणाली. "एक दिवस बसलात त्यांच्या टेबलाला तर काय होणारे?" एक दिवस बसलो असतो तर दादाच्या साहेबांसमोर बोललेला शब्द न् शब्द मला परत घ्यावा लागला असता, आणि नसतो बसलो तर आई गेली असती. मला दोन्ही नको होतं.

काकूच पुन्हा मदतीला आल्या. "बदक आणा. गोगलगायी वेचून वेचून खातं. माझ्या ओळखीच्या एक बाई गावाबाहेर बदकं पाळतात. भाड्याने देतील."

इथे वाचकाने माझ्या बाजूने थोडा विचार करावा. विम्यात नुकसान झालं की आम्ही त्याचं जवळचं कारण बघतो. गोगलगाय कोणी खाल्ली? बदकाने. बदकाचा स्वभाव कोणी घडवला? निसर्गाने. मी फक्त त्याला गच्चीचा पत्ता दिला. उद्या पाऊस पडून गोगलगाय वाहून गेली तर छत्री न धरल्याबद्दल मला कोणी जबाबदार धरेल का? हा सगळा युक्तिवाद मी बायकोला ऐकवला. तिने विचारलं, "हे तुम्ही मला समजावताय की स्वतःला?"

बदकवाल्या बाई टोपलीतून बदक घेऊन आल्या. उंच, खणखणीत बोलणाऱ्या. बदक म्हणजे पांढरी शुभ्र, जाड मानेची मादी होती. त्यांनी तिला कुंड्यांमध्ये सोडलं आणि ती इकडेतिकडे न बघता थेट कामाला लागली. पानं बाजूला सारायची, मान वाकडी करायची, टच्. पुढची कुंडी. टच्. मी दोनदा तोंड फिरवलं. मग बघायला लागलो. नंतर नंतर एखादी सुटली की, खरं सांगतो, मीच बोट करून दाखवायचो.

आईने तिचं नाव मॅडम ठेवलं, कारण तिची चाल माझ्या ऑफिसातल्या मॅडमसारखी आहे. आई गुडघे धरत धरत गच्चीवर यायची, प्लास्टिकच्या टबात पाणी भरून द्यायची आणि खुर्ची टाकून मॅडमशी गप्पा मारायची. ती काय बोलते ते मी एकदा जिन्यात थांबून ऐकलं. "थोरल्याचं डोकं तापट आहे," ती सांगत होती, "आणि धाकट्याचं थंड आहे, पण ते आणखी वाईट." मॅडमने मान हलवली. मी आवाज न करता खाली आलो.

पालक भरला. घेवड्याला शेंगा लागल्या. वाढदिवस रविवारी होता आणि त्या आठवड्यात मी प्रथमच नीट झोपलो.

शुक्रवारी सेक्रेटरींची नोटीस दाराला चिकटली. गच्चीवर पाळलेला पक्षी, टबातलं पाणी सांडून छताला आलेली ओल, आणि पहाटेचा आवाज. शनिवारी संध्याकाळपर्यंत पक्षी हलवला नाही तर रविवारी सकाळी कुंड्यांसकट गच्ची मोकळी केली जाईल. मी म्हटलं, अडचण काय आहे? बदक भाड्याचं आहे, परत जाईल. मी बाईंना फोन केला.

"उद्या येतेच न्यायला," त्या म्हणाल्या. "रविवारी हॉटेलची ऑर्डर आहे."

"कसली ऑर्डर?"

"बदकाची."

"पण ही तर कामाची आहे. गोगलगायी खाते."

"गोगलगायी सगळीच खातात. हिचं अंडी देणं थांबलंय, म्हणून तर तुम्हाला स्वस्तात दिली."

"बाई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पिल्लू असल्यापासून वाढवलीय." त्यांचा आवाज जरा खाली आला, मग पुन्हा खणखणीत झाला. "कोणी खाल्लीच नाहीत तर मी बदकं पाळू कशाला, आणि मी पाळली नाहीत तर तुमच्या गोगलगायी कोण खाणार? एवढी कळकळ असेल तर विकत घ्या. दहा-बारा वर्षं जगतात. नंतर मला फोन करू नका म्हणजे झालं."

मी घेतली. किंमत सांगत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. शनिवारी दुपारी मॅडम कायदेशीरपणे माझी झाली आणि संध्याकाळपर्यंत तिला जायला जागा हवी होती. आमच्या शाकाहार मंडळात मी दर महिन्याला बोलतो, तिथल्या सभासदांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांना फार वाईट वाटलं. एकाला पिसांची ॲलर्जी होती, एकाकडे पाहुणे येणार होते, आणि आमच्या अध्यक्षांनी मला याच विषयावर पुढच्या महिन्यात बोलायला सांगितलं. उद्यान अधीक्षकांनी माझा आवाज ओळखून फोन ठेवला.

"अंगण असलेलं घर आपल्या ओळखीत एकच आहे," आई म्हणाली. तिने दादाचं नाव घेतलं नाही. बदक हॉटेलात जाणार होतं हे तिला आम्ही सांगितलेलं नव्हतं, पण तिने टबातलं पाणी ओतून टाकलं होतं आणि टब उपडा ठेवला होता.

पुठ्ठ्याच्या खोक्यात मॅडमला बसवून मी टॅक्सी केली. खोक्यातून मान बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. "आज बेत जोरात दिसतोय," तो म्हणाला. मी खोक्यावर हात ठेवला. दोन वर्षांत मी त्या रस्त्याला फिरकलो नव्हतो. दादा हसला तर? मंडळातल्या लोकांसारखं तोही नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला आणि माझी पाठ वळल्यावर सुरी काढली तर?

दार दादानेच उघडलं. कमरेला एप्रन, हातात सुरी. तो रविवारची तयारी करत होता. आधी त्याने मला पाहिलं, मग खोकं, मग खोक्यातून वर आलेली पांढरी मान. मग त्याने सुरी बाजूला ठेवली आणि हात एप्रनला पुसत पुसत आत वळून हाक मारली.

"अगं, बाहेर ये. बघ कोण आलंय. बघ काय घेऊन आलाय."

वहिनी आल्या. दादाचा आवाज फुटत होता. "आईच्या वाढदिवसाला. स्वतः घेऊन आलाय, माझ्या टेबलासाठी. हा." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली. "मला वाटलं नव्हतं रे. मी तर म्हटलं, हा मरेल पण वाकणार नाही."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या म्हणाल्या, "मोठं पातेलं काढते."

मी उभाच राहिलो. दोन वर्षांनी माझ्या भावाचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जड होता, आणि तो तिथून उचलला जाऊ नये असं मला इतकं वाटलं की माझाच मला धक्का बसला. मी फक्त गप्प बसायचं होतं. आईला हवं होतं ते टेबल मिळत होतं, मला भाऊ मिळत होता, आणि आत पातेल्याचा आवाज येत होता. मॅडमने खोक्याच्या कडेवर मान टेकली होती. मनातल्या मनात मी एकदा म्हटलंही, बदकच तर आहे. मी, मंडळाचा वक्ता, हे म्हटलं.

"दादा," मी म्हणालो, "हिला कापू नकोस. मी तिला ठेवायला आणलीय. तुझ्या अंगणात. दुसरीकडे कुठे जागाच नाही."

हात खाली आला. दादाने सुरी उचलली, काही न कापता परत ठेवली.

"म्हणजे मेजवानीसाठी नाही."

"नाही."

"तुझ्या मंडळातले?"

"कोणी घेत नाही."

"म्हणून माझ्याकडे." तो एवढ्या हळू बोलत होता की ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "तुझ्या बदकाला माझ्या घरात जागा. आणि मी? दोन वर्षांत कधी म्हणालास, दादा, ये, जेवायला बस? भाजी का असेना."

माझ्याकडे एरवी कशालाही उत्तर असतं. वहिनी पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या आणि ते पुढे आणावं की मागे न्यावं ते त्यांना कळत नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तेव्हाचं नाही. म्हणजे तेव्हाचंही."

दादाने खोकं माझ्या हातातून घेतलं. "उद्या आईला घेऊन ये. भाजी आण. मी माझं करणार आहे, सांगून ठेवतो." आणि दार लावून घेतलं. मॅडमचं काय, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही. त्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि पुष्कळदा खाली ठेवला.

रविवारी आई नवी साडी नेसून निघाली. तिची बॅग मात्र दाराशी भरून ठेवलेली होती आणि तिने ती मुद्दाम मला ओलांडायला लावली. टॅक्सीत बायको तिच्या शेजारी बसली आणि माझ्या मांडीवर पालक आणि घेवड्याची भांडी होती. दादाच्या फाटकातून आत शिरताना मी आधी अंगण पाहिलं. ते रिकामं होतं. माझ्या हातातलं भांडं कलंडलं आणि झाकणाखालून रस सांडून शर्टावर आला. "नीट धर," आई म्हणाली.

आत टेबल मांडलेलं होतं. ताटं, पाण्याचे पेले, पाव. मध्ये मोठी जागा मोकळी सोडलेली. बायकोने माझी भांडी तिथे ठेवली तरी जागा उरली. आईने टेबलभर नजर फिरवली.

"तुझं कुठंय?" तिने दादाला विचारलं.

दादा पेल्यात पाणी ओतत होता. पेला भरून वाहायला लागला तेव्हा थांबला. "मसाला लावून फ्रीजमध्ये आहे. सकाळी करायला घेतलं तर ही बया मोरीतून बाहेर येऊन पायाशी उभी. जाईना. तिच्यादेखत पातेलं गॅसवर चढवेना." मग माझ्याकडे वळून, दरडावून, "उद्या करणार आहे. वाया घालवणार नाही मी. उगाच गैरसमज नको."

मोरीच्या बंद दारामागून मॅडमचा आवाज आला. मी खुर्चीत बसलो. दादाच्या समोरच्या.

"आता तू," आई म्हणाली. "सांग. या भाजीसाठी जीव गेला की नाही?"

माझं उत्तर तयार होतं. जवळचं कारण, निसर्गाचा स्वभाव, गच्चीचा पत्ता, सगळं पाठ. एक वाक्य बोललो असतो तर जिंकलो असतो, आणि दादा शब्दाचा पक्का आहे, त्याने पुन्हा आईच्या वाढदिवसाला मांस शिजवलं नसतं. तो माझ्याकडे बघत होता. माझं भाषण ऐकायची त्याची तयारी झाली होती. ती तयारी त्याच्या जबड्यावर दिसत होती.

"गेले," मी म्हणालो. "पुष्कळ गेले. गोगलगायी. मी मारल्या नाहीत, पण मारणारी भाड्याने आणली. नंतर नंतर बोट करून दाखवत होतो."

दादाचा जबडा सैल झाला. तो हसेल असं मला वाटलं, पण त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तो नुसताच हातात धरून राहिला.

"म्हणजे दोघंही हरलात," आई म्हणाली. "बरं झालं. आता जेवा."

तिने आधी दादाला वाढलं, मग मला. भाजी खारट होती. दादाने पुन्हा मागून घेतली.